आकडे, संस्था आणि न पोचलेली वस्ती

संस्थेने काय केले, हे आपल्याकडे विचारले जाते. ती कोणापर्यंत पोचली, हे सहसा विचारले जात नाही. किती शिबिरे घेतली, किती वह्या वाटल्या, किती व्याख्याने झाली, याचे अहवाल निघतात आणि ते खरेही असतात. परंतु शिबिरासाठी हीच वस्ती का निवडली, असे विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते : तेथे आपला माणूस होता. ज्या वस्तीत आपला माणूस नाही, जेथून पत्र येत नाही की फोन येत नाही, ती वस्ती सर्वांत अधिक गरजू असण्याचा संभव असतो. पण तिचे नाव संस्थेच्या वहीत नसते, आणि नाव नाही म्हणून तेथे कोणी जात नाही.

हे चक्र तोडण्याचे एक साधन आज कोणत्याही लहान संस्थेच्या हाताशी आहे. एके काळी जी माहिती मिळवायला कचेरीत खेटे घालावे लागत, तिच्यातली पुष्कळशी आता इंटरनेटवर फुकट पाहता येते. गावनिहाय लोकसंख्या, शाळेतील पटसंख्या, न्यायालयातील तारखा, गुन्ह्यांची वार्षिक नोंद, हे सारे मोबाइलवरही उघडते. प्रश्न एवढाच, की ते वाचायचे कसे आणि वाचून पुढे जायचे कोठे?

आकडे वाचणे ही आपल्या चळवळीला नवी गोष्ट नाही. मार्च 1927 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारी खात्याचेच आकडे सरकारपुढे ठेवले. प्राथमिक शिक्षणात दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची मुले 119, तर मागासलेल्या वर्गाची 18. पुढे 1928 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला जे निवेदन दिले, त्यातही अस्पृश्यांच्या शिक्षणाची स्थिती आकड्यांनिशी मांडली होती. हे आकडे कोणी दडवून ठेवलेले नव्हते. ते सरकारी अहवालात छापलेले होते. बाबासाहेबांनी ते शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांतला फरक बोलका केला. पुढील सर्व विवेचनाचा आधार हीच पद्धत आहे. एक तक्ता फारसे काही सांगत नाही. दोन तक्ते शेजारी ठेवले म्हणजे त्यांच्यामधल्या फरकात माणसे दिसू लागतात.

1. जनगणनेची वही

सुरुवात आपल्या तालुक्यापासून करावी. 2011 च्या जनगणनेच्या संकेतस्थळावर प्रत्येक गावाची घरे, लोकसंख्या, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर स्त्री-पुरुष, शेतकरी, शेतमजूर अशी संख्या मिळते. या तक्त्यात तालुक्यातील गावे अनुसूचित जातींच्या संख्येप्रमाणे उतरत्या क्रमाने लावावीत. मग शेजारच्या रकान्यात आपली संस्था गेल्या पाच वर्षांत त्या गावी किती वेळा गेली ते लिहावे. समजा, तालुक्यात 120 गावे आहेत. पहिल्या 30 गावांपैकी किती गावांसमोर शून्य आले, तेवढे मोजावे. संस्थेचा पहिला खरा अहवाल तो.

हे काम करताना काही व्यावहारिक अडचणी येतात. एकाच नावाची गावे पुष्कळ असतात. खुर्द आणि बुद्रुक यांत घोटाळा होतो. इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक खात्याचे वेगळे असते. म्हणून नावावर विसंबू नये. जनगणनेने प्रत्येक गावाला सहा आकडी क्रमांक दिलेला आहे, तो धरावा. जिल्ह्यांच्या सीमाही बदलल्या आहेत. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, त्यामुळे 2011 च्या तक्त्यांत त्याची गावे ठाणे जिल्ह्यात शोधावी लागतात.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की वही कशी भरली गेली हे ठाऊक असल्याखेरीज ती वाचता येत नाही. याची दोन उदाहरणे आपल्या अगदी जवळची आहेत.

पहिले उदाहरण बौद्धांचे. 2011 मध्ये महाराष्ट्रात बौद्धांची संख्या सुमारे 65.31 लाख नोंदली गेली. यांपैकी अनुसूचित जातीत मोजले गेले ते सुमारे 52.04 लाख. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळालेले असताना उरलेले तेरा लाख गेले कोठे? त्यांत या यादीशी संबंध नसलेले काही बौद्ध असतील. पण प्रगणकाने जात विचारली तेव्हा 'बौद्ध' एवढेच उत्तर दिले, तर ते नाव अनुसूचित जातींच्या यादीत जात म्हणून सापडत नाही. धर्मांतरित माणसाने जात सांगायला नकार द्यावा यामागे स्वाभिमान आहे, आणि तो समजून घेतला पाहिजे. परंतु केवळ अनुसूचित जातींचा रकाना पाहून वस्ती निवडणाऱ्या संस्थेला अशी माणसे दिसतच नाहीत. म्हणून धर्माचा तक्ताही शेजारी ठेवावा. तो तालुका आणि शहर पातळीपर्यंत मिळतो. ज्या तालुक्यात बौद्धांची संख्या आणि अनुसूचित जातींची संख्या यांचा मेळ बसत नाही, तेथे गावोगावच्या बुद्धविहारांत जाऊन विचारावे लागेल.

दुसरे उदाहरण ऊसतोड कामगारांचे. 2011 ची लोकसंख्येची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारी या काळात झाली. हा ऐन हंगामाचा काळ. बीडसारख्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे त्या वेळी गावात नसतात. ती कारखान्याच्या परिसरात कोप्या घालून राहत असतात. जो माणूस राहत्या घरी नाही तो गावच्या आकड्यात पूर्णपणे येईलच असे नाही, आणि कोपीवर तो नोंदला गेला असला तरी हंगाम संपल्यावर तो तेथे नसतो. अशा गावाचा आकडा लहान दिसला म्हणून त्याला यादीत खाली ढकलणे म्हणजे सर्वांत जास्त राबणाऱ्याला सर्वांत शेवटी ठेवणे होय.

2. शाळेची वही

प्रत्येक शाळेला शासनाने अकरा आकडी 'युडायस' क्रमांक दिलेला आहे. महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक 27 ने सुरू होतो. त्या संकेतस्थळावर शाळेचे नाव शोधले की इयत्तावार मुले-मुली, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृह, पाण्याची सोय अशी माहिती मिळते.

शिष्यवृत्ती किंवा वसतिगृहाचे काम करणारी संस्था बहुधा जाहिरात काढते आणि अर्जांची वाट पाहते. अर्ज येतात ते ज्यांना जाहिरात वाचता आली त्यांचे. जो मुलगा सातवीनंतर शाळा सोडून गवंड्याच्या हाताखाली गेला, त्याचा अर्ज येत नाही. त्याला शोधायचे असेल तर गावातल्या शाळेचा सातवीचा पट एका वर्षाचा घ्यावा, आणि गावातली मुले ज्या हायस्कुलात जातात तेथला आठवीचा पट पुढच्या वर्षाचा घ्यावा. परिसरातील सर्व शाळांचा असा हिशेब मांडला आणि मुलींची संख्या एकदम खाली आली, तर तेथे प्रश्न आहे. तो प्रश्न एस.टी.चा आहे, स्वच्छतागृहाचा आहे, लग्नाचा आहे की मास्तरांच्या वागणुकीचा आहे, हे मात्र आकडा सांगणार नाही. त्यासाठी मुलीच्या आईशीच बोलावे लागेल. आकड्याचे काम दार दाखवण्याचे; दार ठोठावायचे ते कार्यकर्त्याने.

येथेही सावधगिरी हवी. पट कमी झाला म्हणजे मुले गळालीच असे नाही. ती आश्रमशाळेत किंवा शहरातल्या नातेवाइकांकडे गेलेली असू शकतात. शिवाय 2022-23 पासून ही नोंद प्रत्येक विद्यार्थ्याच्या स्वतंत्र माहितीवरून होऊ लागली आहे. म्हणून त्याआधीच्या वर्षांशी तिची थेट तुलना करू नये.

3. न्यायालयाची वही

अत्याचाराचा गुन्हा नोंदला जाईपर्यंत आपली चळवळ जागी असते. मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, वर्तमानपत्रात बातमी येते. खटला उभा राहतो तो त्यानंतर पुष्कळ काळाने, आणि तोपर्यंत फिर्यादी एकटा पडलेला असतो. ज्यांच्या शेतावर मजुरीला जायचे त्यांच्याच विरुद्ध साक्ष द्यायची असते. साक्षीदार फितूर होतो, आरोपी सुटतो, आणि मग 'खोटा गुन्हा होता' अशी हाकाटी पिटली जाते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात अनुसूचित जातींवरील अत्याचाराचे 57,582 गुन्हे नोंदले गेले. 2021 मध्ये ही संख्या 50,900 होती. हे अहवालही इंटरनेटवर आहेत. पण संस्थेने ते जपून वाचावेत. हा आकडा नोंदलेल्या गुन्ह्यांचा आहे. ज्या जिल्ह्यात चळवळ बळकट आणि पोलीस ठाण्यात जायची हिंमत जास्त, तेथे आकडा मोठा येऊ शकतो; जेथे भीती जास्त, तेथे तो लहान येऊ शकतो. लहान आकड्याच्या जिल्ह्याला शांत समजून तेथील काम बंद करणे ही मोठी घोडचूक ठरेल.

कार्यकर्त्याला याहून उपयोगी वही दुसरी आहे. जिल्हा न्यायालयांच्या 'ई-कोर्ट्स' या संकेतस्थळावर खटल्याची स्थिती पाहता येते. खटल्याच्या क्रमांकावरून, पोलीस ठाणे व गुन्ह्याच्या क्रमांकावरून, तसेच कायद्याच्या नावावरूनही शोध घेता येतो. म्हणजे 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली आपल्या जिल्ह्यात कोणते खटले प्रलंबित आहेत आणि त्यांची पुढची तारीख कोणती, याची यादी संस्था महिन्याच्या पहिल्या दिवशी तयार करू शकते. त्या यादीतील जे खटले आपल्याला ठाऊकच नव्हते, तेथे आधी गेले पाहिजे.

या कायद्यात 2015 मध्ये दुरुस्ती झाली आणि ती 26 जानेवारी 2016 पासून अमलात आली. तिच्यातील कलम 15अ प्रमाणे पीडिताला न्यायालयीन कामकाजाची, जामिनाच्या सुनावणीचीसुद्धा, वेळेवर सूचना मिळण्याचा हक्क आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे हक्क कागदावर आहेत. तारखेच्या आधी दोन माणसे फिर्यादीच्या घरी गेली, जाण्यायेण्याच्या भाड्याची सोय पाहिली, साक्षीच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात त्याच्याबरोबर बसली, तर त्या कागदाला काही अर्थ येतो.

4. दोन वह्या भांडतात तेव्हा

कधी कधी सरकारच्याच दोन वह्या एकमेकींशी भांडतात. हाताने मैला साफ करण्याच्या कामाचे उदाहरण घ्या. 2011 च्या जनगणनेत देशातील सुमारे 7.94 लाख घरांनी आपल्या संडासातील मैला माणसाकरवी उचलला जातो असे सांगितले. त्याच काळात सुरू झालेल्या सामाजिक, आर्थिक व जात पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील 1,80,657 कुटुंबे या कामावर जगतात असे नोंदले गेले, आणि त्यांत महाराष्ट्राची संख्या सर्वांत मोठी म्हणजे 63,713 होती. पुढे 2013 चा कायदा आला. त्यानंतरच्या सर्वेक्षणांत अशी कामे करणाऱ्या 58,098 व्यक्ती देशभरात निश्चित झाल्या, महाराष्ट्रात 6,325.

कोणी म्हणेल, प्रश्न सुटत चालला. तसा निष्कर्ष काढता येत नाही. पहिला आकडा घरांचा, दुसरा कुटुंबांचा, तिसरा व्यक्तींचा. व्याख्या वेगळ्या, मोजणारे वेगळे. या आकड्यांची वजाबाकी करणे अशास्त्रीय होईल. परंतु इतक्या मोठ्या तफावतीतून संस्थेला एक काम निश्चित मिळते : पाहणीत ज्या जिल्ह्यात कुटुंबे दिसली आणि सर्वेक्षणात जवळजवळ कोणीच सापडले नाही, त्या जिल्ह्यात जाऊन पाहणे. बेझवाडा विल्सन आणि त्यांच्या सफाई कर्मचारी आंदोलनाने नेमके हेच केले. सरकारे 'आमच्याकडे कोणी नाही' असे सांगत असताना ते वस्त्यांत गेले, पुरावे गोळा केले आणि सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवले. 27 मार्च 2014 च्या निकालाने 1993 पासून गटारात मेलेल्या कामगारांच्या वारसांना 10 लाख रुपये देण्याचा आदेश झाला. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने ती रक्कम 30 लाख झाली. आजही अशा मृत्यूची बातमी आली की ती कापून ठेवावी, कुटुंब शोधावे, रक्कम मिळाली की नाही ते विचारावे. ज्याचे नाव सरकारी यादीत नाही त्याच्या घरी निकाल आपण होऊन चालत येत नाही.

5. संस्थेची स्वतःची वही

आता आपल्या संस्थेकडेच जमा होणाऱ्या माहितीविषयी. संस्थांची फेसबुक पाने असतात, व्हॉट्सअॅपचे गट असतात, यूट्यूबवर व्याख्याने असतात. ती कोणत्या शहरातून, कोणत्या वयाच्या लोकांनी, किती वेळ पाहिली याचे आकडे त्या कंपन्या पानाच्या चालकाला दाखवतात. ते जरूर पाहावेत. वसतिगृहप्रवेशाची सूचना रात्री नऊनंतर जास्त वाचली जात असेल तर ती रात्री द्यावी. व्याख्यान पहिल्या चार मिनिटांतच लोक सोडून देत असतील तर प्रास्ताविक आणि सत्कार कापावेत.

पण या आकड्यांना समाज समजू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 2021 या काळात, देशातील 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 33.3 टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हे प्रमाण 57.1 टक्के होते. त्यानंतर मोबाइल आणखी पसरला आहे. तरीसुद्धा घरातला एकमेव मोबाइल कोणाच्या खिशात असतो, हा प्रश्न शिल्लकच आहे. ऑनलाइन फॉर्मवर आलेल्या उत्तरांवरून 'वस्तीची मागणी' ठरवणारी संस्था वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांची मागणी ठरवत असते. विधवा शेतमजूर बाई फॉर्म भरत नाही. म्हणून प्रत्येक फॉर्मच्या शेवटी उत्तर देणारे स्त्री किती, पुरुष किती, कोणत्या गावचे, एवढे मोजावे, आणि ज्या गावातून एकही उत्तर आले नाही त्यांची यादी करून तेथे माणूस पाठवावा. 14 एप्रिलला, धम्मचक्र प्रवर्तनदिनी आणि 6 डिसेंबरला जो समाज एकत्र येतो, त्यात मोबाइलवर कधीच न भेटणारी माणसे असतात. पुस्तकाच्या स्टॉलवर एक वही ठेवून गाव आणि तालुका एवढेच लिहून घेतले, तरी संस्थेचा नकाशा बदलेल.

6. नावे जपण्याविषयी

एक इशारा देणे आवश्यक आहे. गोळा केलेली माहिती जशी उपकारक, तशी घातकही ठरू शकते. कोण फिर्यादी, कोण साक्षीदार, कोणाचा आंतरजातीय विवाह, कोणाला कोणता आजार, ही यादी व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकली की ती कोणाच्या हाती पडेल याला धरबंध राहत नाही. न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकारांची नावे दिसतात म्हणून ती आपल्या पानावर छापायला आपण मोकळे झालो असे नव्हे. देणगीदाराला दाखवण्यासाठी लाभार्थ्यांचे फोटो नाव-गावासह टाकण्याची प्रथाही बंद झाली पाहिजे. दारिद्र्याचे प्रदर्शन मांडून मिळालेली देणगी माणसाची अप्रतिष्ठा करून मिळालेली असते.

यावर सोपा उपाय आहे. दोन वह्या ठेवाव्यात. एकीत नावे असावीत; ती एक-दोन जबाबदार माणसांपाशी कुलपात किंवा संकेतशब्दाखाली राहावी. दुसरीत फक्त संख्या असाव्यात. ती सर्वांना दाखवावी. माहिती घेताना ती कशासाठी घेतो हे माणसाला त्याच्या भाषेत सांगावे आणि नको म्हटले तर घेऊ नये. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने संमतीला कायद्याचे रूप दिले आहे. मात्र त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील व्यक्तिगत माहितीविषयीच्या कलमातही बदल केला. आधी व्यापक जनहित दाखवून मिळणारी माहिती नाकारण्याला त्यामुळे अधिक वाव मिळेल, अशी भीती माहिती अधिकाराच्या कार्यकर्त्यांनी व्यक्त केली आहे. तेव्हा आज जी सार्वजनिक माहिती संकेतस्थळावर दिसते ती उतरवून, तारीख घालून, आपल्यापाशी जपून ठेवणे शहाणपणाचे आहे.

7. पुढची मोजणी

वर सांगितलेली जनगणना 2011 ची, म्हणजे जुनी. 2021 ची झालीच नाही. पुढील जनगणनेत जातींची नोंद होईल असा निर्णय केंद्र सरकारने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केला. 16 जून 2025 च्या अधिसूचनेप्रमाणे तिची संदर्भतारीख, हिमाच्छादित प्रदेश सोडून, 1 मार्च 2027 आहे. 1931 नंतर देशाच्या जनगणनेत सर्व जातींची नोंद प्रथमच होत आहे. पुढील दहा वर्षे वसतिगृहे, निधी, मतदारसंघ यांविषयीची सारी चर्चा याच आकड्यांवर चालेल.

आणि मोजणी पुन्हा हंगामातच येणार. ऊसतोड कामगार त्या वेळीही कोपीवर असतील. बौद्ध माणसाला जात विचारली जाईल आणि काय उत्तर द्यावे हे त्याला कोणी समजावून सांगितलेले नसेल, तर तेरा लाखांचा तो फरक आणखी वाढेल. म्हणून 2011 चे तक्ते उघडून आपल्या तालुक्यातील कमी मोजल्या गेलेल्या वस्त्यांची यादी संस्थांनी आताच केली पाहिजे. कोणत्या गावातून किती कुटुंबे कोणत्या कारखान्यावर जातात, कोणता पाडा गावाच्या नकाशावर नाही, शहरात पुलाखाली कोण राहते, हे लिहून काढले पाहिजे. मोजणीच्या वेळी ती यादी घेऊन प्रगणकाबरोबर वस्तीत जाणारा एक कार्यकर्ता प्रत्येक गावात असला पाहिजे. धर्म कोणता सांगायचा, जात कोणती सांगायची, हा निर्णय ज्याचा त्याने करायचा आहे. तो पूर्ण माहितीनिशी करता यावा, एवढे पाहणे हे संस्थेचे काम आहे.